ट्रॅक्टरमागचा पाण्याचा टँकर: निवड, जोडणी आणि पहिली खेप

एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसायला लागला, की आमच्या जालना जिल्ह्यातल्या अंबड-घनसावंगी भागात पारावर एकच विषय निघतो: टँकर विकत घ्यायचा की भाड्याने लावायचा? मोसंबीचं झाड एकदा वाळलं की नवं लावून फळावर यायला चार-पाच वर्षं जातात, त्यामुळे दोन महिने कसंही करून बाग जगवायची असते. २०१२-१३च्या दुष्काळात ज्यांना पाणी ओढून आणता आलं नाही, त्यांनी बागांवर कुऱ्हाड चालवली. २०१६च्या एप्रिलमध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा दिवसांत माणूस घाईने टँकर घेतो, आणि घाईत एकच प्रश्न विचारतो: माझा ट्रॅक्टर ओढेल का?

ओढेल. पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर पाच हजार लिटर सपाट डांबरी रस्त्यावर सहज ओढतो. विचारायचा प्रश्न दुसरा आहे: उतारावर तो टँकर थांबवेल का, आणि चढावर त्याचं पुढचं चाक जमिनीवर राहील का? खालची सगळी माहिती या दोन प्रश्नांभोवती आहे.

एचपी सोडा, वजन बघा

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाच हजार लिटरला पाच टन झाले. लोखंडी टाकी, चेसिस, एक्सल, चाकं मिळून साधारण एक ते दीड टन. आपण १,३०० किलो धरू. म्हणजे भरलेला टँकर ६,३०० किलो. चाळीस-पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर स्वतः दोन टनांच्या आसपास असतो. दोन टनांचं जनावर सव्वासहा टनांचं ओझं ओढतंय, आणि ब्रेक आहेत ते त्याच्या फक्त मागच्या दोन चाकांना.

आता उताराचा हिशोब करा. वीस फुटाला एक फूट असा साधा उतार धरला, तरी हा टँकर ट्रॅक्टरला मागून ६,३०० ÷ २० म्हणजे ३१५ किलोचा धक्का सतत देत राहतो. दहाला एक उतार असेल तर ६३० किलो. धारूर किंवा मांजरसुंब्याच्या घाटात असा धक्का एका क्षणाचा नसतो, उतार संपेपर्यंत असतो. वळणावर हा धक्का तिरका बसतो, ट्रॅक्टरचं मागचं अंग बाहेर ढकललं जातं आणि ट्रॅक्टर-टँकर कात्रीसारखे दुमडतात.

मी माझ्यापुरता नियम केलाय. टँकरला स्वतःचे ब्रेक नसतील, तर भरलेल्या टँकरचं वजन ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीपुढे जाऊ द्यायचं नाही. दोन टनांच्या ट्रॅक्टरला तीन टन, म्हणजे दोन हजार लिटरची टाकी, फार तर थोडी वर. त्याहून मोठी टाकी हवी असेल, तर ब्रेक असलेला टँकरच घ्यायचा, आणि तोही ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत ओढायच्या वजनाची जी मर्यादा दिली आहे तिच्या आत. ती पुस्तिका बहुतेकांच्या घरी पेटीच्या तळाशी असते. नसली तर शोरूममधून मागून घ्या.

विकणारा सांगतो त्या लिटरवर विश्वास ठेवू नका. टेप घेऊन जा. गोल टाकी असेल तर व्यासाच्या निम्म्याचा वर्ग, गुणिले ३.१४, गुणिले लांबी. फुटात मापलं तर आलेल्या घनफुटांना २८.३ने गुणा. साडेचार फूट व्यास आणि अकरा फूट लांबीची टाकी ४,९५० लिटरच्या आसपास भरते. लंबगोल टाकीला व्यासाच्या जागी उभ्या आणि आडव्या मापाचे निम्मे एकमेकांना गुणायचे, बाकी हिशोब तोच. चार हजार सांगून दिलेली टाकी पाच हजारांची निघाली, तर फायदा झाला म्हणून खूश होऊ नका. ते जास्तीचं टनभर वजन तुमच्या ब्रेकवर येणार आहे.

दोन चाकांचा की चार चाकांचा

दोन चाकांचा टँकर बांधावरून वळवायला, बागेत दोन ओळींच्या मधून रिव्हर्स घ्यायला सोपा. त्याच्या वजनाचा काही भाग त्याच्या पुढच्या, जोडायच्या दांड्यातून ट्रॅक्टरच्या हुकावर येतो, त्यामुळे मागची चाकं जमिनीला धरून राहतात. पण हाच भार जास्त झाला तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं, स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी सरळ जाते.

चार चाकांच्या टँकरचं वजन त्याच्याच चाकांवर असतं. पुढचा एक्सल टर्नटेबलवर, म्हणजे गोल फिरत्या चकतीवर, फिरतो. डांबरी रस्त्याने लांबून पाणी आणायचं असेल आणि टाकी पाच हजारांची असेल, तर मी चार चाकांचाच घेईन. त्याला रिव्हर्स घेणं मात्र कठीण, कारण हुकापाशी आणि टर्नटेबलपाशी अशा दोन ठिकाणी तो दुमडतो. शेतात वळायला जागा नसेल तर रोज अर्धा तास त्यातच जाईल.

काळ्या रानात एक गोष्ट दोघांनाही लागू आहे. उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन कडक वाटते, पण आदल्या दिवशी पाणी दिलेल्या पट्ट्यात चाक गेलं की रुततं. टँकर बांधालगतच्या कडक वाटेवर उभा करायचा आणि पुढे पाइपाने पाणी न्यायचं. पन्नास फूट पाइप जास्त लागला तरी चालेल.

टाकीच्या आतले पडदे

या भागावर मी जास्त बोलणार आहे, कारण माझी चूक इथेच झाली होती.

२०१३च्या उन्हाळ्यात मी दोन चाकांचा जुना टँकर घेतला. आत पडदे, म्हणजे पाण्याला अडवणारे आडवे पत्रे, नव्हते. मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, "भाऊ, पडदे कशाला? धुवायला अडचण होते, पत्रा वाढतो, पाणीही कमी बसतं." मला पटलं. एक दिवस वाटेत भावकीच्या बागेला निम्मं पाणी सोडलं आणि उरलेलं घेऊन ओढ्याचा चढ चढायला लागलो. चढाच्या मध्यावर गिअर बदलला, हिसका बसला, आतलं पाणी मागे आदळलं आणि टँकरचा दांडा वर उसळला. दांडा हुकाला अडकवणाऱ्या पिनीला खालून लॉक नव्हतं. पिन उडाली. टँकर उलटा घरंगळत ओढ्यात जाऊन आडवा झाला. मागे कोणी नव्हतं, म्हणून आज हे लिहितोय.

टाकी काठोकाठ भरलेली असली की पाणी हलायला जागा नसते. निम्मी असली की पाणी मोकळं होतं. ब्रेक मारला की ते पुढे धावतं, गिअर टाकला की मागे, वळणावर बाहेरच्या बाजूला. म्हणून टाकीत आडवे पडदे हवेत: टाकीच्याच जाडीच्या पत्र्याचे, साधारण दर तीन-साडेतीन फुटांवर एक. अकरा फुटांच्या टाकीत दोन तरी हवेतच, तीन उत्तम. खाली पाणी वाहून जायला आणि वर हवा जायला जागा ठेवायची, मध्ये माणूस आत सरकून धुवू शकेल एवढं भोक. पडद्याची कड टाकीला नुसती ठिकठिकाणी न चिकटवता भक्कम वेल्डिंग करून घ्या, कारण रोज दोन-अडीच टन पाणी त्यावर आदळणार आहे.

हे झालं तरी एक गोष्ट उरते. भोकं असलेले पडदे हिसका मोडतात, पण चढावर पाण्याचं हळूहळू मागे जाणं त्यांनी थांबत नाही. पातळी सपाट होणारच. दोन चाकांच्या निम्म्या भरलेल्या टँकरचा दांडा तीव्र चढावर हलका होतोच होतो. म्हणून एक तर पूर्ण भरून चढा, नाहीतर पूर्ण रिकामा. वाटेत दोन ठिकाणी पाणी द्यायचं असेल, तर चढापलीकडचं ठिकाण आधी घ्या आणि सपाटीवरचं येताना.

बाग आणि पिण्याचं पाणी एकाच टाकीतून नेऊ नका. औषध फवारणीचं पाणी ज्या टाकीत एकदाही भरलं, ती टाकी वस्तीवर न्यायची नाही.

एक्सल कुठे बसवायचा

दोन चाकांच्या टँकरला एक्सल टाकीच्या मध्याच्या किंचित मागे हवा. किती मागे, याचा हिशोब सोपा आहे. एकूण वजन गुणिले एक्सल मध्यापासून किती मागे, भागिले एक्सलपासून दांड्याच्या टोकाला हुकात अडकणाऱ्या कडीपर्यंतचं अंतर. ६,३०० किलोचा टँकर, एक्सल अर्धा फूट मागे, कडीपर्यंत अकरा फूट: हुकावर २८६ किलो येतात. पाऊण फूट मागे घेतला तर ४३० किलोच्या आसपास. अर्ध्या फुटावर निम्म्या टाकीचा दांडा चढावर उचलू लागतो, म्हणून मी पाऊण फुटाच्या बाजूचा आहे. पण ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत हुकावरच्या उभ्या भाराची मर्यादा असते. ती ओलांडायची नाही.

जुना टँकर घेत असाल तर मोंढ्यातल्या वजनकाट्यावर न्या. भरलेला टँकर सोडवून, दांड्याच्या टेकूसकट पूर्ण काट्यावर घ्या. हे झालं एकूण वजन. मग ट्रॅक्टर जोडून फक्त टँकरची चाकं काट्यावर ठेवा. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे हुकावरचा भार. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि विकणारा काय सांगतो त्याला काही किंमत राहत नाही.

टायर, बेअरिंग आणि ब्रेक

टँकरला बहुतेक वेळा ट्रकचे उतरलेले टायर बसवतात. टायरच्या बाजूवर वाहून न्यायची क्षमता आकड्यात कोरलेली असते, ती वाचा. १०.००-२० मापाचा सोळा प्लायचा नवा टायर एकटा साधारण तीन टन पेलतो. आपल्या ६,३०० किलोंतले चारशे हुकावर गेले, तर उरलेले ५,९०० दोन टायरांवर येतात. म्हणजे नवा कोरा टायरसुद्धा काठावर आहे. मग दहा वर्षं उन्हात तडकलेला, रबर चढवलेला टायर काय करेल? बाजूला बारीक भेगा दिसत असतील तर तो टायर कितीही जाड वाटला तरी नको. पाच हजार लिटरला चार चाकं हवीत असं मी म्हणतो, त्याचं हे दुसरं कारण.

हवा टायरवर लिहिलेल्या प्रमाणात, दोन्ही बाजूंना सारखी. जॅक लावून चाक उचला, वर-खाली आणि आडवं हलवा. खटखट आली तर बेअरिंग गेलं. हाताने फिरवून आवाज ऐका. हंगामाच्या आधी हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग, उघडून जुनं ग्रीस पूर्ण पुसायचं आणि नवं भरायचं. जुन्यावर नवं थापू नका, आतली माती तशीच राहते.

ब्रेकचे आपल्याकडे तीन प्रकार दिसतात. ओव्हररन ब्रेकमध्ये ट्रॅक्टर हळू झाला की टँकर पुढे सरकतो, दांडा दाबला जातो आणि त्या दाबाने टँकरचे ब्रेक लागतात. साधी, स्वस्त आणि चांगली सोय. फक्त रिव्हर्स घेताना त्याचा खटका अडकवावा लागतो आणि नंतर आठवणीने काढावा लागतो, नाहीतर पुढच्या उतारावर ब्रेकच नाहीत. दुसरा हायड्रॉलिक, ट्रॅक्टरच्या तेलाच्या दाबावर चालणारा. तिसरा एअर ब्रेक, ज्याला ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर लागतो. रोज घाट असेल तर एअर ब्रेकचा खर्च करा. कोणताही असो, टँकरला उभं करण्याचा वेगळा हँडब्रेक हवाच, आणि चाकांना लावायला दोन लाकडी ठोकळे साखळीने बांधून ठेवा. दगड शोधायला खाली उतरेपर्यंत टँकर थांबत नाही.

हुक आणि पिन

टँकर नेहमी ट्रॅक्टरच्या खालच्या ठरलेल्या हुकाला किंवा ड्रॉबारलाच जोडायचा. काही जण कडी उंच आहे म्हणून वर टॉप लिंकच्या, म्हणजे अवजाराच्या वरच्या जोडाच्या, ब्रॅकेटला जोडतात, काही एक्सलच्या नळीला साखळी बांधतात. ओढ मागच्या एक्सलच्या वर गेली की ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि मागे पलटी होतो. ड्रायव्हरला उडी मारायलासुद्धा वेळ मिळत नाही. कडी आणि हुक यांची उंची जमत नसेल तर दांडा कापून, खाली घेऊन नव्याने वेल्डिंग करा. सपाट जागी जोडल्यावर टाकी जमिनीला समांतर दिसली पाहिजे.

नांगराच्या दोन लोअर लिंकांत, म्हणजे खालच्या उचलणाऱ्या हातांत, बसणारी भोकांची पट्टी टँकर ओढायला वापरू नका. हायड्रॉलिकचा लिव्हर चुकून हलला की ती वर-खाली होते, चेनी सैल असल्या की डावी-उजवीकडे झुलते.

पिन कडीच्या भोकात घट्ट बसणारी हवी. सळईचा तुकडा, जुना बोल्ट, पाना असलं काहीही नको. कडीचं भोक घासून लांबट झालं असेल तर नवी कडी लावा. पिनीच्या खालच्या टोकाला लिंच पिन, म्हणजे गोल कडीची स्प्रिंगवाली पिन, घालायचीच. ती पंधरा-वीस रुपयांची वस्तू माझ्या पिनीत असती, तर टँकर ओढ्यात गेला नसता. चार-पाच सुट्या घेऊन ट्रॅक्टरच्या पेटीत टाका, कारण ती हरवतेच.

शिवाय सेफ्टी साखळी. दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींवरून फुलीसारख्या नेऊन ट्रॅक्टरच्या चेसिसला अडकवा. पिन गेलीच तर दांडा त्या फुलीवर पडतो, जमिनीत रुतत नाही. साखळी वळताना ताणली जाणार नाही एवढीच ढील ठेवा.

जोडताना ट्रॅक्टर आणि टँकर यांच्या मध्ये माणूस उभा करू नका. ट्रॅक्टर मागे घेऊन थांबवा, न्यूट्रल करा, हँडब्रेक लावा, मग उतरून पिन घाला. दांडा हाताने उचलायची वेळ येऊ नये म्हणून टँकरला स्क्रूचा टेकू बसवून घ्या. घरातला पोरगा "आबा, येऊ द्या, येऊ द्या" म्हणत मध्ये उभा राहतो, त्याला आधी बाजूला काढा.

ट्रॅक्टरची तयारी

ब्रेकची दोन पेडलं शेतात वेगळी असतात, रस्त्यावर ती जोडणारी पट्टी लावायची. न लावता ब्रेक मारला आणि पाय एकाच पेडलवर पडला, तर एकच चाक अडतं आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. रस्त्याला लागण्याआधी हात लावून ती पट्टी बघा. दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे लागतात का, हे रिकाम्या ट्रॅक्टरने मोकळ्या रस्त्यावर तपासा.

दोन चाकांचा टँकर असेल तर पुढच्या बंपरला वजनाच्या प्लेटा लावा. मागच्या चाकांत पाणी भरायची पद्धत आपल्याकडे आहेच. व्हॉल वरच्या बाजूला ठेवून तिथपर्यंत, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश भरा.

दिवे आणि कागद

उसाच्या हंगामात अंधारात उभ्या ट्रॉलीवर मोटरसायकल जाऊन आदळल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. टँकरही तसाच, आणि मातीने माखलेला असल्याने आणखीच न दिसणारा. मागे दोन लाल दिवे, ब्रेकचे दिवे, इंडिकेटर, सात पिनांच्या सॉकेटने ट्रॅक्टरला जोडलेले. वायर पाइपात घाला, उंदीर सोडत नाहीत. रिफ्लेक्टर टेप मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी. दर खेपेला ओल्या फडक्याने पुसा, पाणी तर तुमच्याजवळच आहे.

टँकरला ट्रॅक्टरहून वेगळी नोंदणी लागते. विम्याच्या कागदावर ट्रॅक्टरसोबत टँकरचा उल्लेख आहे का, ते स्वतः वाचा. दांड्यावर, मडगार्डवर, टाकीवर कोणालाही बसवायचं नाही, शंभर मीटरसाठीसुद्धा नाही.

पहिली खेप

पहिल्या दिवशी रिकामा टँकर जोडून गावाबाहेर दोन किलोमीटर फिरवा. वळणं, रिव्हर्स, ब्रेक. रिव्हर्समध्ये टँकर डावीकडे न्यायचा तर स्टेअरिंग आधी उजवीकडे थोडं, मग लगेच टँकरच्या मागे डावीकडे. बागेत झाडं मोडण्यापेक्षा पडीक रानात दोन काठ्या रोवून सराव करा.

मग पूर्ण भरून सपाट रस्त्यावर. वेग वीसच्या आत. ब्रेक लावायचा अंदाज आता पूर्ण बदललेला असतो, म्हणून थांबायची जागा लांबूनच हेरा.

उतार आला की उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. उतारावर क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल तर मुळीच करायचं नाही. अर्धा लिटर डिझेल वाचवायला जाऊन घाटात किती ट्रॅक्टर गेले, ते आपण पाहिलेत. इंजिन ओरडायला लागलं तर ब्रेक दाबून वेग उतरवा, सोडा, पुन्हा दाबा. सतत पाय ठेवलात तर लायनर तापून ब्रेक जातात.

पाच-सात किलोमीटर झाले की थांबा. चारी बाजूंनी फिरा. हबला हाताची पाठ लावा: कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बेअरिंग आवळलंय किंवा ब्रेक अडकलाय. दोन्ही बाजूंच्या हबांत फरक लागला तरी कारण शोधा. चाकांचे नट पुन्हा आवळा, नव्या बसवलेल्या चाकांचे पहिल्या दिवसात सैल होतातच. पिन, लिंच पिन, साखळी, सॉकेट बघा. व्हॉलखाली थेंब पडतोय का तेही बघा, कारण पाच हजार लिटर म्हणजे झाडाला शंभर लिटर धरून पन्नास झाडं, आणि गळकी टाकी त्यातली दोन-तीन वाटेतच सोडून येते.

संध्याकाळी टँकर सोडायचा तो सपाट जागी, रिकामा करून, ठोकळे लावून. आधी हँडब्रेक, मग टेकू, मग साखळी आणि सॉकेट, सगळ्यात शेवटी पिन. काढलेली पिन आणि लिंच पिन दांड्याच्या कडीतच परत अडकवून ठेवा. सकाळी अंधारात पाण्याला निघताना ती तिथेच सापडली पाहिजे.